आधी माणसं जमू देत

मी खाली पोचले तेव्हा ती बाई एकेक पडदा सारून आत डोकावत होती.

अंगावर नऊवारी लुगडं, त्यावर मुलाचा असावा असा ढगळ काळा ओव्हरकोट, पायांत लोकरी मोजे आणि पांढरे खेळायचे बूट. पडदा सारायचा, आतल्या खाटेवरचा चेहरा बघायचा, आणि पडदा तसाच उघडा टाकून पुढच्या खाटेकडे वळायचं. मधूनच ती "सुहास" अशी हाक मारत होती. मोठ्यानं नाही. घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला मारतो तशी. तिच्यामागून मॉरीन नावाची धिप्पाड नर्स उघडे पडलेले पडदे ओढून घेत येत होती आणि प्रत्येक खाटेवरच्या माणसाची माफी मागत होती.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरातल्या इस्पितळात तेव्हा मी नोकरीला होते. माझं काम वरच्या मजल्यावर, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडे माणसं यायची ती काचेच्या नळ्यांतून. कुणाशी बोलायची वेळ सहसा येत नसे, आणि मला ते बरं वाटायचं. त्या सकाळी खालच्या तातडीच्या विभागातून फोन आला. "तू इंडियन आहेस ना? इथं एक बाई आहेत, त्यांना काहीच कळत नाहीये. जरा येशील?"

याला आता वीस वर्षं होऊन गेली. कुणी एखादी गोष्ट गोल गोल शब्दांत सांगायला लागलं की मला अजून ती सकाळ आठवते.

मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, काय झालं?"

बाई गर्रकन वळल्या. माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं. "मराठी हाईस?"

"हो. अकोल्याची. मी रोहिणी."

"बरं झालं बाय, देवासारखी आलीस." त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ह्यांनी माझा सुहास हरवलाय."

"हरवलाय?"

"व्हय. ती काय, ती पोरगी," त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरणीकडे बोट केलं, "तिनंच सांगितलं. लॉस्ट म्हणाली. मला लॉस्ट कळतंय. सुहासनं शिकवलंय. रस्ता चुकला तर कुणालाबी धरून म्हणायचं, आय अ‍ॅम लॉस्ट. एवढा मोठा दवाखाना, ढकलगाडीवरनं त्याला आत नेला, ह्या दारातनं त्या दारात, आणि आता म्हणत्यात लॉस्ट. आगं, एवढा मोठा बाप्या हरवतोय कसा?"

मी त्या डॉक्टरणीकडे बघितलं. तिचं आडनाव फ्लेचर, एवढं मला रक्ताच्या नळ्यांवरच्या सह्यांमुळे ठाऊक होतं. पंचविशीची असेल. तिनं दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले होते आणि ती नजर चुकवत होती.

मला काय ते कळलं. तरी मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "त्यांचा मुलगा कुठं आहे?"

"मी त्यांना सांगितलं," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही सगळे प्रयत्न केले. पण ही डिडन्ट मेक इट."

"म्हणजे तो मेलाय?"

तिनं डोळे मिटले. कुणी मारायला हात उचलावा तशी ती किंचित मागे सरकली. "हो," ती म्हणाली. "वी लॉस्ट हिम. अ‍ॅम्ब्युलन्समध्येच बहुतेक. मेंदूत रक्तस्राव झाला असावा."

मी या देशात आले तेव्हा ज्या घरात भाड्यानं राहत होते, त्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी मला चहा देताना सांगितलं होतं, माझे यजमान मागच्या वर्षी 'पास' झाले. कुठली परीक्षा, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात भिंतीवरच्या फोटोपुढची फुलं दिसली म्हणून वाचले. पुढं मला सवय झाली. इथं माणसं निसटून जातात, पुढं जातात, चांगल्या ठिकाणी असतात, हरवतात. ऐकून ऐकून मीही तसंच बोलायला लागले होते. त्यात वाईट काही वाटत नसे, उलट सभ्यपणा वाटे.

"यांचं इथं आणखी कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. मुलगा आणि त्या, दोघंच राहत होते. शेजाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली." फ्लेचर थांबली. मग म्हणाली, "तू सांगशील?"

नाही म्हणायची सोय नव्हती. त्या मजल्यावर मराठी येणारी मी एकटीच होते.

नातेवाइकांना बसवायची एक खोली होती. फिकट निळ्या भिंती, समुद्राचं चित्र, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. मी बाईंना तिथं नेलं. त्या बसायला तयार नव्हत्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि खाली बसवलं. नाव विचारलं. हौसाबाई मोहिते. गाव विट्याजवळचं. यजमानांचा सोनं गाळायचा धंदा. त्यासाठी तिकडची माणसं देशभर पांगलेली असतात, तशी ही दोघंही तीस वर्षं कोइमतूरला राहिली. सुहास तिथंच शिकला, इंजिनियर झाला, इकडं आला. लग्नाला तयार होत नव्हता म्हणून आई चार महिने समजूत घालायला आली होती. हे सगळं त्या मला घाईघाईनं सांगत होत्या, एखाद्या हवालदाराला हरवलेल्या माणसाची खूण सांगावी तसं. उंची एवढी, रंग सावळा, हनुवटीवर व्रण.

"काकू, ऐका," मी म्हटलं. "सुहासची तब्येत फार बिघडली होती. डॉक्टरांनी खूप केलं. पण... सुहास आता राहिला नाही."

"हितं न्हाई राहिला?" त्या उठायला लागल्या. "मग कुठल्या दवाखान्यात हलवला? मला ने तिकडं."

"तसं नाही काकू. तो गेला."

"कुठं गेला?"

मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी तो सोडवून घेतला.

"आगं, पोरी, शुद्धीत नव्हता तो. चहा पितापिता खुर्चीवरनं खाली पडला. डोळं उघडं, पर बघंना. आणि गेला म्हणतीस? चालत गेला? कोण घेऊन गेलं त्याला?"

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला काही ठरवता येईना. ही बाई खरंच समजत नव्हती, की समजून घ्यायला तयार नव्हती? 'गेला' म्हणजे काय हे कुठल्या मराठी बाईला कळत नाही? विट्याच्या घराघरांतनं माणसं गेलेलीच असतात म्हणा. कोण कोचीनला गेला, कोण कानपूरला गेला. ती परतही येतात. माझ्या शब्दाला एक बारीक फट होती, आणि हौसाबाई त्या फटीतून पुन्हा पुन्हा बाहेर निसटत होत्या.

"काकू, देवाच्या..." मी सुरुवात केली.

त्यांनी हात पुढं करून माझं तोंड दाबलं. पुरतं दाबलं, गाल दुखेपर्यंत. "गप," त्या म्हणाल्या. "काय बी बोलू नगंस. तो वर असंल. वरच्या माळ्यावर असंल. ही माणसं सारखी वर-खाली करत्यात." आणि उठून दार उघडून त्या बाहेर गेल्यासुद्धा.

मी धावले. त्या लिफ्टशी उभ्या होत्या, बटण पुन्हा पुन्हा दाबत. त्यांच्याशेजारी काठी टेकत आलेला एक म्हातारा होता. तो त्यांना वाट देऊन बाजूला सरला. हौसाबाईंनी त्याची बाही धरली आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम लॉस्ट. सन. आय अ‍ॅम लॉस्ट."

म्हातारा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

मला वाटतं तेव्हाच मी ठरवलं. ठरवलं म्हणणंही खरं नाही. त्या लिफ्टचं दार उघडलं असतं तर त्या वर गेल्या असत्या, सगळे मजले फिरल्या असत्या, प्रत्येक खाटेवर डोकावल्या असत्या, आणि दिवसभर त्यांना कुणी ना कुणी गोडसं काहीतरी सांगत राहिलं असतं.

माझी आजी मांजर मेलं म्हणायची, उंदीर मेला म्हणायची. शेजारचा कुणी त्रास देणारा असेल तर "मेला" म्हणून त्याचा उद्धार करायची. आपल्या माणसाबद्दल तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. माझे वडील वारले तेव्हा माझ्या काकांनी मला तेही सांगितलं नव्हतं. फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

मी हौसाबाईंच्या समोर उभी राहिले, खांदे धरले आणि म्हटलं, "काकू, सुहास मेला."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली.

माझा चष्मा खाली पडला. म्हाताऱ्यानं तो वाकून उचलला आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

"तुझ्या तोंडात किडं पडतील," हौसाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकाला मेला म्हणतीस? कोण तू? कुणाची तू? कुठल्या तोंडानं म्हणतीस?"

"मेला, काकू," मी पुन्हा म्हटलं. "सकाळीच मेला. डोक्यातली रक्ताची नस फुटली. गाडीतच मेला. ह्यांनी हरवला नाही. तो इथंच आहे, मी तुम्हाला नेते त्याच्याकडे."

लिफ्टचं दार उघडलं. त्या आत गेल्या नाहीत. दार थोडा वेळ उघडं राहिलं आणि आपोआप मिटलं.

हौसाबाईंनी भिंतीचा आधार घेतला. ओव्हरकोटाची वरची गुंडी त्यांनी उगाचच लावली आणि काढली. मग अगदी खालच्या, सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "कवा म्हणालीस?"

"सकाळीच. गाडीत."

"म्हंजे मी शेजारीच हुतो त्याच्या."

"हो."

"हात धरून बसलो हुतो," त्या म्हणाल्या. "गार लागत हुता हात. मला वाटलं, ह्या देशात सगळंच गार."

मी म्हाताऱ्याच्या हातून चष्मा घेतला आणि आम्ही सुहासकडे गेलो. त्याला एका बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. मॉरीन आधीच आत जाऊन चादर नीट करून आली होती. दारात ती मला म्हणाली, "त्यांना सांग, ही लुक्स व्हेरी पीसफुल." मी ते सांगितलं नाही.

हौसाबाईंनी आधी लांबूनच बघितलं. मग जवळ गेल्या. पदराचं टोक जिभेनं ओलं करून त्याच्या ओठाच्या कडेचा डाग पुसला. चहाचा असेल. केस मागं सारले. त्याचे पाय चादरीतून बाहेर आले होते, उघडे, कारण सकाळी घरात तसाच होता तो. हौसाबाईंनी त्यांना हात लावला आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता कोसळतील. पण त्यांनी आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, लोकरी मोजे काढले आणि उठून ते सुहासच्या पायांत घालायला लागल्या. मोजे आखूड होते. एक टाचेपाशी अडकला, तो त्यांनी हळूहळू ओढून वर नेला.

त्या रडल्या नाहीत. मी वाट बघत होते, पण त्या रडल्या नाहीत.

बाहेर बोळात डॉक्टर फ्लेचर उभी होती. डोळे लाल झाले होते. माझ्या गालाकडे बघून ती म्हणाली, "सॉरी. आम्हाला शिकवतात, मेला हाच शब्द वापरा म्हणून. वर्गात म्हटलाही होता मी. त्यांच्यासमोर तो तोंडातून बाहेरच आला नाही."

"मलाही तीनदा नाही आला," मी म्हटलं.

हौसाबाई बाहेर आल्या त्या अनवाणीच. बूट हातात होते. मला म्हणाल्या, "पोरी, घरी फोन लावायचा. मिळंल?"

त्या निळ्या खोलीत फोन होता. माझ्या पर्समध्ये इंडियाला बोलायचं कार्ड होतं. त्यावरचा आकडा खरवडून मी तो फिरवायला घेतला. तिकडं दुपार झाली असणार. "कोण असेल घरी?" मी विचारलं.

"एकटंच असत्यात. मळ्यातलं घर. मी हिकडं आल्यापासनं जेवणाचा डबा धाकट्या दिराच्या, सदाशिवच्या घरनं येतोय." मग थांबून म्हणाल्या, "मागल्या वर्षी त्यांच्या छातीचं आपरेशन झालंय. सुहासनंच केलं समदं, हितनं जाऊन."

त्यांनी घरचा नंबर तोंडपाठ सांगितला. मी फोन लावणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "थांब. मला पाणी दे."

मी पाणी आणून दिलं. त्या सगळा पेला प्यायल्या. घसा खाकरला. मला म्हणाल्या, "माझा आवाज कसा येतोय? बसल्यावाणी येतोय का?"

"नाही. चांगला येतोय."

"नीट ऐकून सांग."

"चांगला येतोय, काकू."

मग त्यांनी फोन लावायला सांगितलं. घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग पलीकडून खरखरीत आवाज आला. खोली लहान होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"कोण? हौसा? आज कसा काय फोन? आज काय रविवार न्हाई."

"आवो, जेवलासा का?" हौसाबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचा आवाज खरंच नेहमीसारखा होता. निदान मला तसा वाटला.

"आत्ताच जेवलो. मेथी हुती. तुमचं काय? सुहास कामावर गेला?"

हौसाबाईंचा फोनवरचा हात पांढरा पडला. "सुहासला जरा बरं न्हाई," त्या म्हणाल्या. "ताप हाय. दवाखान्यात आणलाय. घाबरायचं काय कारण न्हाई. तुम्ही एक करा, सदाशिवला हाक मारा. मला त्याच्याशी बोलायचं हाय. त्या... त्या जमिनीच्या सातबाऱ्याचं."

"आता? तो ऊस तोडाया गेलाय वर."

"बोलवून घ्या की. मी हाय फोनवर."

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून हाका. एक कुत्रं भुंकलं. कार्डावरचे पैसे सरत होते. बऱ्याच वेळानं धापा टाकत कुणीतरी फोन उचलला.

"वैनी? काय झालं?"

"सदाशिव, तू काय बी बोलू नगंस. नुसतं व्हय म्हण. त्यांच्या पुढ्यात तोंड पाडू नगंस. कळलं?"

"व्हय."

"सुहासचं काय खरं न्हाई. तू समजून घे."

पलीकडे ते कुत्रं पुन्हा भुंकलं.

"सदाशिव."

"व्हय, वैनी."

"त्यांना एकटं सोडू नगंस. त्यांच्या थोरल्या भैनीला घेऊन ये. शेजारच्या तुकाअण्णाला बोलव. डाक्टरला हाताशी ठेव. गोळी जिभंखाली द्यायची असतीया ती कुठं ठेवलीया ते बघ. देव्हाऱ्याच्या खाली डब्यात हाय. माणसं जमू देत. समदी जमली की मला फोन कर. ही पोरगी नंबर सांगती. मगच मी बोलीन त्यांच्याशी."

मी नंबर सांगितला. फोन ठेवला तेव्हा हौसाबाईंच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंड खोलीत.

आम्ही बसून राहिलो. मॉरीन दोनदा डोकावून गेली. एकदा चहा आणला, साखर घालून. हौसाबाईंनी तो हातात धरून ठेवला.

मला राहवलं नाही. माझा गाल अजून चुणचुणत होता. मी म्हटलं, "काकू, मघाशी मी तुम्हाला गोड बोलून सांगायला लागले, तर तुम्हाला ते पटलं नाही. शेवटी मला तो शब्द काढावा लागला. आणि तुम्ही मात्र..."

"व्हय," हौसाबाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. "तू सांगितलंस तवा तू माझ्यापुढं हुतीस. माझं खांदं धरून हुतीस. मी पडलो असतो तर तू धरलं असतंस मला. त्यांच्याजवळ कोण हाय? म्हशी. मी हितनं म्हटलं असतं मेला, तर फोन हातातनं पडला असता आणि त्यांच्या कानात नुसता तेवढाच शब्द राहिला असता. मोकळ्या घरात." त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्यात असंच करत्यात. आधी बरं न्हाई म्हणायचं. मग लई बरं न्हाई. तवर माणसं येत्यात. उंबऱ्यात चपला दिसायला लागल्या की ज्याचं त्याला कळतंय. कुणाला त्वांडानं सांगाया लागत न्हाई."

मग म्हणाल्या, "ही पोरगी चांगली हाय डाक्टरीण. पर ती शब्द टाकून पळून गेली. कोपऱ्यात जाऊन हुबी ऱ्हायली."

फोन वाजला. हौसाबाईंनी तो उचलला नाही. मला म्हणाल्या, "तू उचल. इचार, समदी आल्यात का?"

मी उचलला. सदाशिवरावांचा आवाज आता भरून आला होता. त्यांच्यामागं बऱ्याच माणसांची कुजबुज होती, भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी लहान मुलाला गप्प करत होतं. "आल्यात," ते म्हणाले. "आक्का पण आली. दादा हितंच हायत. सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागल्यात. डाक्टर पण हायत."

मी फोन हौसाबाईंना दिला.

त्या खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला, यजमान समोर असावेत तसा. "द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

थोडा वेळ पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. जड, खरखरीत. मग मोहिते म्हणाले, "हौसा, हिकडं समदी का आल्यात?"

"आवो," हौसाबाई म्हणाल्या, "सुहास गेला आपला."

त्यांनी काही विचारलं नाही. एक आवाज आला, कुणीतरी जोरात दम घेतल्यासारखा, आणि लगेच बायकांचा हंबरडा. मग खूप माणसांचे आवाज एकदम, "दादा, दादा", "बसा, बसा", "गोळी आणा". आणि त्या सगळ्यातून एका म्हाताऱ्या बाईचा बारीक, चिरका आवाज, सुहासचं नाव घेत. हौसाबाई फोन कानाशी धरून उभ्याच होत्या. त्या ऐकत होत्या. सदाशिवराव फोनवर येऊन म्हणाले, "वैनी, बसवलंय. डाक्टर हात बघाया लागल्यात. बरं हायत. रडाया लागल्यात."

"रडू दे," हौसाबाई म्हणाल्या. "धरून ठेवा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या खाली बसल्या. समुद्राच्या चित्राखाली, त्या करड्या गालिच्यावर, अनवाणी. आणि मग त्या रडल्या. तसं रडणं त्या इस्पितळात आधी कुणी ऐकलं नसावं. छाती बडवत, सूर धरून, एकेक आठवण काढत. कोइमतूरची शाळा, दुधाचे दात, पहिल्या पगाराची साडी. बाहेरच्या बोळात चालणारे पाय थांबले. दार उघडून मॉरीन आत आली, तिच्यामागं फ्लेचर.

"त्यांना दुसऱ्या खोलीत नेऊ या का?" मॉरीन कुजबुजली. "आतल्या बाजूला. जरा शांत आहे तिथं. निदान दार तरी लावून घेते."

"नको," मी म्हटलं. "उघडंच राहू दे. ऐकू देत सगळ्यांना."

मॉरीननं माझ्याकडे बघितलं आणि दाराच्या मुठीवरचा हात काढून ती बाहेर गेली. फ्लेचर मात्र गेली नाही. ती पुढं आली, तिनं इकडंतिकडं बघितलं, आणि मग आपला पांढरा कोट सावरत गालिच्यावर, हौसाबाईंच्या एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूला मी बसले.